बोल्टूची तीन मुळांची दाढ

कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात. पुढे दोन, शेजारी शेजारी, बारीक. मागे एक, जाड. खरं म्हणजे हे मला माहीत असायचं काही कारण नाही. माझी आजवरची नोकरी माणसांच्या दातांपाशी गेली आणि उरलेली वर्षंही तिथेच जातील. पण ती तीन मुळं एका ट्रेमध्ये ओळीने मांडलेली मी पाहिली आहेत. मीच मांडली होती. भिलाईत तुम्ही काय काम केलं असं कोणी विचारलं, की मला आधी तो ट्रे आठवतो.

मंडळाच्या दिवाळी अंकाला या वेळी पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांच्या आठवणी हव्या आहेत. भट्ट्यांबद्दल आणि मोठ्या पाहुण्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मी कधी रुजू झाले आणि बढती कधी मिळाली, हे वाचायला कोणी दिवाळीत बसणार नाही. मी एका कुत्र्याबद्दल लिहिते.

आधी आमची खोली सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

प्रकल्पाच्या दवाखान्यात दातांचा विभाग म्हणजे एक लांबट खोली. एक खुर्ची, एक डॉक्टर आणि मी. डॉक्टर सेन बंगाली, बोलायला कमी आणि हाताला हलके. औजारं उकळणं, मांडणं, मोजून परत ठेवणं, रोग्याचं डोकं धरणं आणि मुळात रोग्याला खुर्चीत बसतं करणं, ही माझी कामं. शेवटचं सगळ्यांत अवघड.

येणारे तऱ्हेतऱ्हेचे. खेड्यांतून आलेल्या मजुरांचे दात दातणाने घासून पांढरे झालेले. गुडाखू लावणाऱ्यांचे हिरड्यांपाशी काळे. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा. इकडे तो दात साफ व्हावेत म्हणून चोळायला घेतात आणि मग त्याच्याशिवाय सकाळ होत नाही. रशियन तज्ज्ञांपैकी काहींच्या दातांवर चक्क स्टीलच्या टोप्या होत्या. ते हसले की तोंडात उजेड पडायचा. ते पाहून आमच्याकडे चांगले धडधाकट दात घेऊन लोक येऊ लागले. "बाई, असा एक समोर लावून द्या ना." पोलादाच्या गावी आलो, तर तोंडात थोडं पोलाद हवंच!

डॉक्टर रोग्याकडे वळण्याआधी मी प्रत्येकाला तेच विचारायची: चावताना दुखतं का, रात्री ठणकतं का, आणि थंड पाणी लागतं का. यातला तिसरा प्रश्न फार कामाचा. थंड पाण्याचा घोट घेतल्यावर माणूस खुर्चीतून उडाला आणि कोमट पाण्याने गप्प राहिला, तर आतली नस उघडी पडलेली असते. मग दात वरून कितीही शहाणा दिसो.

आणि माझा एक नियम होता. औजारं खोलीबाहेर एकटी जात नाहीत. कोणी वॉर्डातून चिमटा मागायला आलं की मी म्हणायची, "चिमटा येईल, पण माझ्याबरोबर." लोक हसायचे. हसू देत. इतक्या वर्षांत माझा एकही चिमटा हरवलेला नाही.

टॉवेल मात्र एक गेला होता. तो डोमाजीने नेला.

डोमाजी भंडाऱ्याकडचा, धानाच्या शेतीतून आलेला, रिव्हेट गँगचा मुकादम. आकाशात टांगलेल्या तुळईवरून हा माणूस बांधावरून चालावं तसा चालायचा. दाढ किडली म्हणून तो आमच्याकडे आला. खुर्चीत बसला, मी गळ्यात टॉवेल बांधला, गालात कापूस ठेवला आणि चिमटा घ्यायला पाठ वळवली. पुन्हा पाहते तो खुर्ची रिकामी! टॉवेल आणि कापूस दोन्हींसकट पळाला होता. डॉक्टर सेन त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसलेले मी पाहिले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, नवतपा, म्हणजे इकडचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या सुमाराला, डोमाजी पुन्हा दारात उभा. दाढेसाठी नव्हे. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यावर रक्त. फडकं मी ओळखलं.

"डोमाजी, हा टॉवेल आमचा आहे."

"हो जी, तोच. धुऊन आणून देतो." मग एका दमात म्हणाला, "बाई, माझा हात राहू द्या. तुमी माझ्या कुत्र्याचे दात पाहाल काय?"

"कुत्रा चावला तुम्हाला?"

"चावला नाई जी. दात लागला. त्याच्या तोंडात हात मीच घातला होता. त्याचं तोंड दुखून राहिलं, अन् सारे म्हणतात का तो पागल झाला. लाळ गाळते, खात नाई, पाणी पाह्यलं का पळते. हवालदार बंदूक आणाले गेला. मी त्याले औजारांच्या शेडमंदी बांधून आलो."

मी आधी त्याचा हात नळाखाली धरला आणि साबणाने धूत राहिले. तो "आता बस जी, बस जी" म्हणत होता, पण अशा जखमेत धुणं हेच पहिलं औषध. मग त्याला शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं. कुत्रं पिसाळलेलं असण्याची शंका असली की त्या काळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक. आमच्या खुर्चीतून पळालेल्या माणसाने सदरा वर केला आणि म्हणाला, "टोचा. पण त्याले गोळी घालू देऊ नका."

डॉक्टर सेननी सगळं ऐकलं. "सिस्टर, ये मेरा पेशंट नहीं है," एवढंच म्हणाले. बरोबरच होतं. मग मी गुरांचे डॉक्टर दाणी यांना निरोप धाडला. ते नागपूरचे, प्रकल्पाच्या डेअरीतल्या गाईम्हशी त्यांच्याकडे होत्या. ते जीप घेऊनच आले.

"सिस्टर, तुमचा तोंडात बघायचा आरसा द्या. लांब दांड्याचा असेल तो."

"आरसा येईल," मी म्हटलं, "पण माझ्याबरोबर."

डॉक्टर सेननी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे रोगी संपले होते. त्यांनी मान हलवली. अशी मी आरसा घेऊन जीपमध्ये बसले, मागे पहिली सुई घेतलेला डोमाजी.

ज्यांनी रिव्हेट गँग पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लोखंडाच्या दोन तुळया जोडायच्या तर त्यांच्या भोकांतून तापलेली रिव्हेट घालून ती ठोकून बसवतात. खाली कोळशाच्या शेगडीवर एक माणूस रिव्हेट लाल करतो आणि लांब चिमट्याने वर भिरकावतो. वरचा माणूस ती पत्र्याच्या डब्यात झेलतो. टण्ण असा आवाज होतो. वरचा तयार नसेल तर तो ओरडतो, "ठैऽऽर!" की खालचा चिमटा जागच्या जागी थांबतो. त्या हाकेनंतर कोणी बोटसुद्धा हलवायचं नाही, असा नियम. चुकलं तर कोणाच्या तरी पाठीवर निखारा पडायचा.

हा कुत्रा पिल्लू असताना शेगडीपाशी ऊब घ्यायला आला आणि राहिला. वर पाहून पाहून झेलायला शिकला. जेवणाच्या सुट्टीत माणसं त्याच्याकडे थंड बोल्ट फेकत आणि तो हवेतल्या हवेत पकडायचा. पकडला की मागच्या दाढेत आडवा दाबून धरायचा, सोडायचा नाही. म्हणून नाव बोल्टू. "ठैऽऽर" ऐकलं की तोही दगडासारखा बसायचा, फक्त डोळे वर. दुसऱ्या गँगांची माणसं त्याला पाहायला यायची. डोमाजी सांगायचा, "आमच्या गँगमंदी झेलणारे दोन. एक वरती, एक खालती."

आम्ही पोचलो तेव्हा शेडच्या दाराशी गँग उभी होती आणि समोर बंदूक घेऊन हवालदार. उंच, शांत माणूस. वाईट नव्हता. कॅम्पात बायका-मुलं राहत होती, आदल्या वर्षी एक पिसाळलेलं कुत्रं झोपड्यांत शिरलं होतं, आणि तशा कुत्र्याचं काय करायचं हे त्याला वरून सांगितलेलं होतं.

आत पत्र्याची धग. बोल्टू क्रेनच्या तारेला बांधलेला, तांबूस रंगाचा, मोठ्या डोक्याचा. तोंड अर्धवट उघडं, लाळेची तार लोंबतेय, डोकं एका बाजूला कललेलं. डॉक्टर दाणी उंबऱ्यापाशीच उकिडवे बसले आणि मलाही हाताने थांबवलं.

"आरसा राहू द्या. याच्या तोंडाजवळ आज कोणी जायचं नाही. इथूनच पाहा. डाव्या डोळ्याखाली काय दिसतं?"

"सूज आहे."

"कुत्र्याच्या मोठ्या दाढेची मुळं बरोबर तिथे येतात. दाढ पिकली की डोळ्याखाली फुगतं आणि लोक डोळ्यात औषध घालत बसतात."

"म्हणजे दाढच ना?"

"दाढ तर आहेच. पण दाढ दुखणाऱ्या कुत्र्याला वेड लागत नाही, असं थोडंच आहे? दोन्ही असू शकतं." ते डोमाजीकडे वळले. "हाडं देता का याला?"

"हाडं कुठचे जी."

"मग दाढ मोडली कशाने?"

सगळी गँग डोमाजीकडे वळली. शेवटी डोमाजीच खाली पाहत म्हणाला, "बोल्टनं. दुसऱ्या गँगवाल्यानं पैज लावली का वरतून फेकला तर झेलत नाई. मी म्हणलं, झेलते. मीच वर चढलो अन् मीच फेकला. मोठा बोल्ट होता." मग म्हणाला, "झेलला त्यानं."

डॉक्टर दाणी पुन्हा सूज पाहू लागले. मला मात्र माझा तिसरा प्रश्न आठवला.

"डोमाजी, पाणी पाहून पळतो म्हणता. कोणतं पाणी?"

"हे काय, ह्या डरमातलं. आमी सारे हेच पेतो."

मी ड्रमपाशी गेले आणि हात घातला. उन्हाळ्यात कामगारांसाठी बर्फाची लादी यायची, ती थेट ड्रममध्ये सोडलेली. हात आखडला! नस उघडी पडलेल्या माणसाला मी असला घोट दिला असता तर तो छताला लागला असता.

"याला कोणी कोमट पाणी दिलं आहे का?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. नवतप्याच्या तोंडावर कुत्र्याला कोमट पाणी कोण देणार?

शेगडी पेटलेलीच होती. एका घमेल्यात पाणी कोमट केलं आणि रिव्हेटच्या लांब चिमट्याने डोमाजीने ते लांबूनच बोल्टूपुढे सरकवलं. बोल्टूने आधी मागे उडी मारली. मग वास घेतला. मग मान उजवीकडे पूर्ण वाकडी करून, एका गालाने, लपलप प्यायला लागला. घमेलं घासून काढलं.

"पी रे बापू," डोमाजी पुटपुटत होता.

गँगने टाळ्या पिटल्या. डॉक्टर दाणींनी हात वर केला. "थांबा. पाणी प्यायला म्हणून सुटला असं होत नाही. पिसाळलेलं कुत्रंही सुरुवातीला पाणी पितं. पण आज गोळी घालायचं कारण नाही, एवढं मी लिहून देतो. दहा दिवस बांधून ठेवायचं. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात कळतंच. तोवर त्याच्या तोंडात कोणी हात घालणार नाही. आणि तुम्ही, मुकादम, एकही सुई चुकवायची नाही."

हवालदाराने विचार केला. "ठीक है, डाक्टर साहब. मैं रोज आऊँगा. लेकिन जिस दिन पागल निकला, उस दिन किसी से पूछूँगा नहीं."

हे ठरल्यावर मी काय काय लागेल ते पाहिलं. दुहेरी साखळी, दाराला आडवी फळी, तांदळाची पातळ पेज दोन वेळा, कोमट. सरकवायला चिमटा. पेज कोणी आणायची याच्या पाळ्या लावल्या. गँगमध्ये छत्तीसगढी होते, तेलुगू होते, पंजाबी होते. प्रत्येकाची पेज वेगळी असायची, पण चुकली एकदाही नाही. मी ड्यूटी संपली की चक्कर टाकायची. डोमाजी रोज सुई घेऊन पोट धरून यायचा आणि बोल्टूसमोर बसायचा. "तुही दाढ, माहं पोट," असं त्याला सांगायचा.

मधल्या एका दुपारी मी पोचले तर शेडबाहेर गलका. बोल्टू आत आपटत होता, किंचाळत होता, आणि डोळ्याखालून रक्त आणि पू वाहत होता. हवालदाराची बंदूक खांद्याला लागलेली. डोमाजी फळीला पाठ लावून दारात उभा.

"हट जाओ, मुकादम. आँख से खून आ रहा है. हो गया इसका."

"आधी मले घाला!"

डॉक्टर दाणी दूरच्या गावी गुरांना टोचायला गेले होते. मी धावत मध्ये गेले. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही, पण पू कुठून येतो आणि का येतो, हे माझं रोजचं काम होतं.

"हवालदारसाहेब, गळू फुटलंय. माणसाचं फुटतं तसंच. डोळा नाही, डोळ्याच्या खाली बघा. फुटायच्या वेळी माणूससुद्धा असाच ओरडतो, आणि फुटलं की शांत होतो. थोडा वेळ थांबा. शांत झाला नाही तर मी मध्ये येणार नाही."

"और हो गया तो?"

"तर उद्या तुमच्या वेळेला या."

आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. आतलं आपटणं कमी झालं. मग धापा ऐकू आल्या. मग काहीच नाही. डोमाजीने फळीवरून वाकून पाहिलं आणि हाक मारली. शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. कोमट पेज सरकवली, ती त्याने संपवली. हवालदाराने बंदूक खाली घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, आपके यहाँ आदमी भी ऐसा ही चिल्लाता है?"

"त्याहून जास्त," मी म्हटलं. "हे मुकादम तर ओरडायच्या आधीच पळतात."

दहा दिवस गेले. बोल्टू जिवंत, शेपटी हलवणारा. डोमाजीच्या उरलेल्या सुया वाचल्या. पण दाढ आत तशीच होती. गळू फुटलं तरी पुन्हा भरणार होतं. डॉक्टर दाणी म्हणाले, "बैलाची दाढ मी काढली आहे. ही माझ्या औजारांनी निघायची नाही, जबडा मोडेल. तुमचे डॉक्टर येतील का?"

मी म्हटलं, "तुमच्या कपाटात कुत्र्याची कवटी आहे ना? ती द्या."

डॉक्टर सेनना विनंती करून उपयोग नव्हता. मी नुसती ती कवटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि औजारं पुसत बसले. त्यांनी चहा घेतला. मग कवटी उचलली. मग खिडकीपाशी नेली. मग आरसा मागितला.

"तीन जड़ें," ते स्वतःशीच म्हणाले. "पीछे वाली देखो, कितनी मोटी. ऐसे खींचने से कभी नहीं निकलेगा. काटना पड़ेगा. तीन टुकड़े." बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, ठंडा पानी लगता था ना, इसको? एक जड़ मरी है, बाकी में जान है." आणि कवटी खाली ठेवत म्हणाले, "पेशंट को कल सुबह खाली पेट रखना."

इतक्या वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत आवडती सूचना.

औजारांचा प्रश्न उरला. वरिष्ठांना विचारलं. माणसांच्या वापरातली एकही वस्तू कुत्र्यासाठी जाता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण मी काही टाकून देत नाही. वापरातून काढलेले चिमटे, बोथट झालेले एलिव्हेटर (दात सैल करायची ती छोटी पहारच समजा) हे सगळं मी फडक्यात बांधून वेगळं ठेवलं होतं. आणि कोपऱ्यात चादरीखाली जुनं पायाचं ड्रिल उभं होतं, शिवणयंत्रासारखं पायटा मारून चालवायचं. विजेचं आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मी त्याला तेल दिलं, पट्टा बदलला, एलिव्हेटरना धार लावली, सगळं उकळलं. वरिष्ठांनी परवानगी दिली. मी बरोबर गेले हे सांगायला नको.

गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर सकाळच्या उजेडात आम्ही बोल्टूला निजवलं. डॉक्टर दाणींनी पायाच्या शिरेतून झोपेचं औषध दिलं. जबडा उघडा ठेवायला डोमाजीने बाभळीचा ठोकळा तासून आणला होता, अगदी मापात. डॉक्टर सेननी ओठ वर केला आणि मी पहिल्यांदा ती दाढ जवळून पाहिली. बाहेरची अर्धी भिंत ढलप्यासारखी निघालेली. मधोमध लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे उघडी नस. हीच दाढ घेऊन तो रोज बर्फाच्या पाण्यापाशी जात होता!

मी पायटा मारायला लागले. या यंत्राचं एक असतं: पाय एका लयीत चालला पाहिजे. घाईने टोक घसरतं, हळू झालं की अडकतं. दाढेचे तुकडे करायला बराच वेळ लागला, कुत्र्याचा दात माणसाच्या दातापेक्षा चिवट. पुढची दोन मुळं एकामागून एक आली. मी ट्रेमध्ये मांडली. मागचं मूळ हललं, आणि मोडलं. टोक आतच राहिलं.

"निकालना पड़ेगा," डॉक्टर सेन म्हणाले. "सड़ा हुआ यही है."

तेवढ्यात बोल्टूचा मागचा पाय हलला. डॉक्टर दाणींनी छातीवर हात ठेवला. "जागा होतोय. आणखी औषध देत नाही, श्वास उथळ आहे. किती वेळ लागेल?"

"थोड़ा."

पाय पुन्हा हलला, मग मान. एलिव्हेटरचं टोक जबड्यात, डोळ्याच्या अगदी खाली. मान झटकली असती तर ते कुठे गेलं असतं, हे आम्ही तिघंही जाणत होतो. मी पायटा सोडून डोकं धरायला उठले, तोच डोमाजी पुढे वाकला, बोल्टूच्या कानाशी तोंड नेलं आणि तुळईवरून मारायचा तशी, पण अगदी हलक्या आवाजात, हाक मारली:

"ठैऽऽर."

बोल्टू थांबला. झोपेत होता की जागा होता, मला सांगता येणार नाही. डॉक्टर दाणींनाही नंतर सांगता आलं नाही. पण अंगातली हालचाल थांबली. डोमाजी कानाशी तसाच वाकून राहिला, "ठैर, ठैर" म्हणत. डॉक्टर सेनचं मनगट एकदा वळलं, आणि तिसऱ्या मुळाचं टोक माझ्या ट्रेमध्ये पडलं. टण्ण असा आवाज झाला.

जखम भरेपर्यंत पेज चालू ठेवली. मग एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत गँगने मला आणि दोन्ही डॉक्टरांना बोलावलं. हवालदारही आला होता, बंदुकीसकट. डोमाजीने साखळी सोडली. बोल्टू अंग झाडून बाहेर आला, सगळ्यांना हुंगत गेला आणि ड्रमपाशी थांबला. गँगमधल्या कोणीतरी घमेलं भरून खाली ठेवलं. बर्फाचा तुकडा वर तरंगत होता.

बोल्टूने घमेल्याकडे पाहिलं, एक पाऊल मागे गेला. डोमाजीने ओठ मिटून घेतले. मग बोल्टू पुढे आला, जीभ लावली, थांबला, आणि मान सरळ ठेवून पिऊ लागला. सरळ मान! बर्फ नाकाला लागून बाजूला व्हायचा आणि हा पीतच होता.

हवालदाराने बंदूक पाठीला अडकवली, त्याच ड्रममधून पेला भरला आणि प्यायला. "ठंडा है," म्हणाला, आणि निघून गेला.

त्यानंतर बोल्ट फेकायची बंदी. ती मी घातली आणि डोमाजीने पाळवून घेतली. सुतळीचा घट्ट गोळा वळून दिला होता, तो बोल्टू झेलायचा, पण त्याला त्यात फारशी चव नव्हती हे दिसायचं. पुढे रिव्हेटचं काम कमी होत गेलं, वेल्डिंग आलं, गँगा फुटल्या. डोमाजी बोल्टूला घेऊन नव्या कामावर गेला आणि आमची गाठ पडेनाशी झाली. त्या ओट्यावरचा आम्हा सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवायला हवा होता, असं आज वाटतं. तेव्हा कोणाला सुचलंच नाही. सगळ्यांचे हात गुंतलेले होते.

पण डोमाजी जायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. एका सकाळी मी औजारं मांडत असताना दारात डोमाजी. गालाला सूज, हातात धुऊन घडी घातलेला आमचा टॉवेल.

"बाई," तो म्हणाला, "त्याची काढली तशी माही काढा."

"त्याला झोपवलं होतं. तुम्हाला नुसती हिरडीत सुई मिळेल."

"चालते. पोटात घेतल्या, हिरडीत काय हाये?"

मी टॉवेल गळ्यात बांधला, गालात कापूस ठेवला. चिमटा घ्यायला पाठ वळवायची वेळ आली तेव्हा मात्र मी क्षणभर थांबले, सवयीने. मग दाराकडे पाहिलं आणि निश्चिंतपणे वळले. उंबऱ्यावर बोल्टू आडवा पसरला होता, डोकं पुढच्या पायांवर ठेवून, डोळे खुर्चीकडे. तिथून कोणाला पळून जायला वाटच नव्हती.